चिनी आणि पाश्चात्त्य भागीदारांमध्ये सल्लागार म्हणून काम सुरू करताना: क्रमवार मार्गदर्शन

पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा मॅक्स म्युलर भवनात परकीय भाषा शिकून पुढे युरोपात स्थायिक झालेल्या काही मराठी तरुणांना आता एक नवे काम चालून येऊ लागले आहे. चिनी आणि युरोपीय संस्थांचे व्यवहार जुळवून देणारा सल्लागार म्हणून त्यांना बोलावले जाते. मी जर्मनीत राइन नदीकाठच्या औद्योगिक पट्ट्यात हेच काम करते. या भागाला चीन नवा नाही. ड्युइसबुर्ग शहराचे वूहानशी १९८२ पासून भगिनी-शहराचे नाते आहे आणि चीनहून निघणाऱ्या अनेक मालगाड्या याच शहरात येऊन थांबतात. तरीही या कामात येणाऱ्या नवख्या माणसाला नीट वाट दाखवणारे मराठीत फारसे काही वाचायला मिळत नाही, म्हणून हा लेख.

या विषयावरचे प्रशिक्षण सहसा शिष्टाचारापासून सुरू होते: व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्यावे, घड्याळ भेट देऊ नये, वगैरे. हे पाळावेच; पण कार्ड एका हाताने दिल्यामुळे मोडलेला करार मी पाहिलेला नाही. करार मोडतात ते समोरच्या बाजूला कोणता निर्णय कोण घेतो आणि तो अधिकार कोणत्या कागदावरून सिद्ध होतो, हे वेळेत न कळल्यामुळे. पुढील टप्पे याच दृष्टीने लावले आहेत.

१. आपण कोणाचे सल्लागार आहोत, हे आधी लिहून घ्या

दोन्ही बाजूंना समजणारा माणूस मिळाला की दोन्ही बाजू त्याला आपलाच मानू लागतात. युरोपीय कंपनीने तुम्हाला नेमलेले असले, तरी रात्री उशिरा चिनी बाजूचा अधिकारी वीचॅट या चिनी संदेश-ॲपवर ‘त्यांची शेवटची किंमत किती?’ असे अगदी आपुलकीने विचारतो. अशा वेळी दाखवायला कागद हवा. म्हणून कामाच्या पहिल्या दिवसाआधी एक नेमणूकपत्र करून घ्या, ज्यात तुमचा ग्राहक कोण, काम कुठे सुरू होऊन कुठे संपते, कोणती माहिती गोपनीय आहे आणि मानधन कसे मिळणार, हे स्पष्ट असेल.

मानधन करार होण्यावर अवलंबून ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे. करार झाला तरच पैसे मिळणार असतील, तर ‘हा भागीदार घेऊ नका’ हे सांगण्याचे बळ सल्लागारात उरत नाही, आणि त्याची खरी किंमत तर त्याच वाक्याला असते. दोन्ही बाजूंकडून दलाली घेणे तर पूर्ण वर्ज्य समजा. अमेरिकेचा परदेशी लाचलुचपतविरोधी कायदा १९७७ चा आणि ब्रिटनचा लाचविरोधी कायदा २०१० चा आहे. मध्यस्थाने दिलेल्या लाचेसाठी मूळ कंपनी या दोन्ही कायद्यांखाली अडचणीत येऊ शकते. त्यामुळे पाश्चात्त्य कंपन्या सल्लागाराकडून लांबलचक प्रश्नावली आणि घोषणापत्र भरून घेतात. त्यात अपमान वाटून घेण्यासारखे काही नाही. ते शांतपणे भरून द्यावे.

दुभाषाचे काम आणि सल्लागाराचे काम एकाच बैठकीत एकाच माणसाने करू नये, हेही याच पत्रात लिहा. जो वाक्यामागून वाक्य भाषांतर करत असतो, त्याला कोण कोणाकडे पाहून मान हलवते हे टिपता येत नाही.

२. समोरची संस्था नेमकी कोण आहे, ते कागदावरून तपासा

चिनी कंपनीचे कायदेशीर नाव फक्त चिनी लिपीतले असते. कार्डावरचे इंग्रजी नाव ही सोय आहे, नोंदणी नव्हे. म्हणून पहिल्याच पत्रात व्यवसाय परवान्याची प्रत मागा. त्यावर १८ अंक-अक्षरांचा एकीकृत सामाजिक पत क्रमांक असतो. तो टाकून राष्ट्रीय कंपनी-माहिती प्रणालीत कायदेशीर प्रतिनिधी, भागधारक, परवानगी असलेला व्यवसाय आणि ‘अनियमित’ कंपन्यांच्या यादीत नाव आहे का, हे पाहता येते. परवान्यावर छापलेले नोंदणीकृत भांडवल म्हणजे हातात असलेले पैसे, असे समजू नका. ती भागधारकांनी कबूल केलेली रक्कम असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या सुधारित कंपनी कायद्याने ही रक्कम पाच वर्षांत भरणे मर्यादित कंपन्यांना बंधनकारक केले आहे.

येथे वारंवार आढळणारा सापळा असा, की कारखाना एका कंपनीच्या नावावर असतो, बोलणी दुसरी करते आणि करारावर शिक्का तिसरीचा उमटतो. तिन्ही नावांत एखाद-दुसऱ्या अक्षराचाच फरक असतो. शिक्क्यावरचे, परवान्यावरचे आणि बँक खात्याचे नाव अक्षरशः जुळले पाहिजे. पैसे खासगी खात्यात किंवा भलत्याच कंपनीच्या खात्यात भरण्याची विनंती आली, तर व्यवहार तेथेच थांबवा.

हा फरक किती महाग पडतो, याचे प्रसिद्ध उदाहरण ॲपलचे आहे. आयपॅड हे नाव तिने प्रोव्ह्यू समूहाच्या तैवानमधील कंपनीकडून विकत घेतले; पण चीनच्या मुख्य भूमीवरचा ट्रेडमार्क त्याच समूहाच्या शेन्झेनमधील कंपनीच्या नावावर होता. २०१२ मध्ये ६ कोटी डॉलर देऊन तो वाद मिटवावा लागला.

माहिती काढताना मर्यादाही पाळा. चीनचा सुधारित हेरगिरीविरोधी कायदा १ जुलै २०२३ पासून लागू आहे आणि त्याची व्याप्ती पूर्वीपेक्षा मोठी आहे. सार्वजनिक नोंदी आणि चीनमधील परवानाधारक वकील, या दोहोंपलीकडे जाऊन परस्पर चौकश्या करू नका.

तपासणी उलट दिशेनेही होते. जर्मन कंपनीचा व्यापार-नोंदवहीतील उतारा आणि त्यात सहीचा अधिकार कोणाला आहे, हे चिनी बाजूला दाखवावे लागते. असे कागद पूर्वी दूतावासातून प्रमाणित करून घ्यावे लागत. ७ नोव्हेंबर २०२३ पासून अपोस्टिल करार (एका देशाने प्रमाणपत्र जोडलेला कागद दुसऱ्या देशाने थेट मान्य करावा, असा आंतरराष्ट्रीय करार) चीनमध्ये लागू झाल्यामुळे पुष्कळ देशांच्या कागदांची ही पायरी गेली. मात्र काही देशांच्या जोड्यांमध्ये तो लागू नाही, आणि भारत-चीन ही त्यांपैकीच एक जोडी आहे. तुमची पदवी किंवा अनुभवपत्र भारतातले असेल, तर त्याच्या प्रमाणीकरणासाठी वेगळा वेळ राखून ठेवा.

३. निर्णयाचा नकाशा काढा

माझ्या मते सल्लागाराने ग्राहकाला द्यायची पहिली खरी वस्तू हीच. एका मोठ्या कागदावर दोन्ही बाजूंसाठी चार रकाने आखा: प्रस्ताव कोण मांडतो, अडवू कोण शकतो, सही कोण करतो, आणि ही माणसे एकत्र केव्हा बसतात.

चिनी बाजू खासगी कंपनी असेल, तर पहिल्या तिन्ही रकान्यांत पुष्कळदा एकाच संस्थापकाचे नाव येते आणि निर्णय एका जेवणात होतो. ती सरकारी कंपनी असेल, तर महत्त्वाचे विषय संचालक मंडळापुढे जाण्याआधी कंपनीतील कम्युनिस्ट पक्षाच्या समितीत चर्चिले जातात, आणि त्यावर सरकारी मालमत्तेवर देखरेख करणाऱ्या आयोगाची नजर असते. टेबलापलीकडे बसलेला महाव्यवस्थापक कितीही अनुकूल असला, तरी त्याला त्या खोलीत होकार देता येत नाही. युरोपीय माणूस तीन आठवड्यांच्या शांततेचा अर्थ ‘रस नाही’ असा लावतो, तेव्हा फाइल प्रत्यक्षात एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात असते. हे आधी सांगून ठेवणे तुमचे काम आहे.

पाश्चात्त्य बाजूचा नकाशाही तितकाच अवघड असतो आणि तो काढायचा राहून जातो. जानेवारी २०१२ मध्ये चीनचा सानी समूह काँक्रीट पंप बनवणारी पुट्झमायस्टर ही जर्मन कंपनी विकत घेत असल्याचे जाहीर झाले. बोलणी वरच्या पातळीवर वेगाने झाली होती. कामगारांना मात्र बातमी अचानक कळली आणि ते आइशटालच्या मुख्यालयासमोर निदर्शनाला उतरले. जर्मनीत कामगारांच्या निवडून आलेल्या परिषदेला कायद्याने अधिकार आहेत, आणि १९७६ च्या कायद्यानुसार २,००० हून अधिक कामगार असलेल्या कंपनीच्या पर्यवेक्षी मंडळात निम्मे सदस्य कामगारांच्या बाजूचे असतात. चिनी ग्राहकाला हे सौदा जाहीर होण्याआधी समजावले नाही, तर त्याला तो विरोध व्यक्तिगत अपमान वाटतो. मराठी वाचकांना हे प्रकरण दूरचे वाटू नये. सानीचा कारखाना चाकणला आणि पुट्झमायस्टरचा गोव्यात वेर्णा येथे आहे, त्यामुळे अशा एकत्रीकरणाचे अनुभव सांगणारे अभियंते तुमच्या ओळखीतच भेटू शकतील. त्यांच्याशी जरूर बोला.

‘पाश्चात्त्य’ हा एकच रकाना करू नका, हेही येथेच सांगते. जर्मन अभियंता पहिल्या दहा मिनिटांत दोषांची यादी वाचून दाखवतो. अमेरिकी विक्रीप्रमुख प्रत्येक गोष्टीला ‘उत्तम’ म्हणतो. पहिल्यामुळे चिनी प्रमुखाला आपल्या हाताखालच्या लोकांसमोर अवघडल्यासारखे होते आणि दुसऱ्यामुळे नसलेला होकार मिळाल्यासारखे वाटते. दोषांची यादी बैठकीच्या दोन दिवस आधी लेखी पाठवा, म्हणजे समोरून उत्तरासह माणसे येतात.

४. प्रवास, वेळापत्रक आणि बैठक

जर्मन किंवा फ्रेंच पासपोर्ट असलेले सहकारी नोव्हेंबर २०२४ पासून चीनमध्ये ३० दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय जाऊ शकतात. भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतोच. व्यापारी भेटीसाठी एम आणि सांस्कृतिक किंवा शैक्षणिक देवाणघेवाणीसाठी एफ प्रवर्ग असतो. निमंत्रणपत्रात लिहिलेला उद्देश आणि अर्जातला प्रवर्ग यांत विसंगती ठेवू नका. व्हिसामाफीची सवलत मुदतीची आहे, म्हणून सहकाऱ्यांनाही प्रत्येक प्रवासाआधी तपासायला सांगा.

वर्षाचे नियोजन करताना दोन्ही पंचांगे समोर ठेवा. चिनी वसंतोत्सव, म्हणजे चिनी नववर्ष, २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी यांच्या दरम्यान येतो आणि कामगार गावी गेल्याने कारखाने अधिकृत सुट्टीपेक्षा बराच जास्त काळ मंदावतात. ऑक्टोबरचा पहिला आठवडा राष्ट्रीय दिनाचा. युरोपात ऑगस्ट आणि नाताळ ते नववर्ष हा काळ हिशेबात धरू नये. शिवाय चीनमध्ये लांब सुट्टीच्या बदल्यात एखादा शनिवार-रविवार कामाचा ठरतो. त्या दिवशी फोन आला तर युरोपीय ग्राहकाने दचकू नये.

बैठकीपूर्वी दोन्ही शिष्टमंडळांच्या याद्या हुद्द्यांसह अदलाबदल करा. हुद्दा जुळणे महत्त्वाचे आहे: तिकडून उपमहापौर आणि इकडून विक्री अभियंता असे झाले, तर पुढचा दिवस फुकट जातो. बैठकीत दोन्ही प्रमुख समोरासमोर मध्यभागी बसतात; जेवणात यजमानाची किंवा मुख्य पाहुण्याची जागा दाराकडे तोंड करून असते. फायली गूगलच्या सेवांवर ठेवून दुवा पाठवू नका, कारण त्या चीनमध्ये उघडत नाहीत.

उघड नकार पूर्ण बैठकीत क्वचितच मिळतो. शंका आली की विश्रांती मागा आणि तोच प्रश्न समोरच्या बाजूच्या संपर्क अधिकाऱ्याला चहा घेताना एकट्याने विचारा.

इतिवृत्त त्याच संध्याकाळी झाले पाहिजे. दोन स्तंभांत, डावीकडे चिनी आणि उजवीकडे इंग्रजी, क्रमांक घालून फक्त तीन प्रकारच्या ओळी लिहा: काय ठरले, काय ठरले नाही, कोणी केव्हापर्यंत काय पाठवायचे. हॉटेलच्या स्वागतकक्षातून छापून घेऊन जेवणाआधी दोन्ही बाजूंच्या आद्याक्षऱ्या (नावाच्या आद्याक्षरांच्या छोट्या सह्या) प्रत्येक पानावर घ्या. ‘ठरले नाही’ या ओळींवर सर्वांत जास्त वाद होतो, आणि तो त्याच रात्री झालेला बरा. वीचॅटवर परस्पर ठरलेली गोष्टही पुढच्या इतिवृत्तात चढवा; गटातले निरोप कालांतराने सापडत नाहीत.

५. करार, शिक्का आणि नाव

सामंजस्य करारावर सही होते तेव्हा फुले असतात, छायाचित्रे निघतात. त्यातून सहसा पैसे देण्याचे बंधन निर्माण होत नाही. ग्राहकाला हे समारंभाआधीच सांगा. मूळ करारात पुढील गोष्टी वकिलाकडून पक्क्या करून घ्या.

पहिली, क्षेत्र परदेशी गुंतवणुकीस खुले आहे का. १ जानेवारी २०२० पासून लागू असलेल्या परदेशी गुंतवणूक कायद्यानुसार निर्बंध असलेली क्षेत्रे नकारात्मक यादीत असतात. १ नोव्हेंबर २०२४ पासूनच्या यादीत २९ नोंदी आहेत आणि उत्पादन क्षेत्रावरचे निर्बंध त्यातून काढले आहेत.

दुसरी, वाद कुठे सोडवायचा. चीनमध्ये राबवल्या जाणाऱ्या संयुक्त उपक्रमाच्या कराराला चिनी कायदाच लागू होतो. परदेशी न्यायालयाच्या निकालाची चीनमध्ये अंमलबजावणी अवघड असते. मात्र परदेशी लवादाच्या निवाड्यांना मान्यता देणारा न्यूयॉर्क करार चीनने १९८७ पासून स्वीकारला आहे. म्हणून लवादाचे कलम घाला आणि दोन भाषांतल्या मजकुरांत फरक पडल्यास कोणता ग्राह्य धरायचा, हेही लिहा.

तिसरी, शिक्का. चीनमध्ये कंपनीचा गोल लाल शिक्का करारावर सहीइतकाच, किंबहुना अधिक बोलतो. करार अनेक पानी असेल तर पाने पंख्यासारखी किंचित सरकवून कडांवरून एकच शिक्का उमटवतात, म्हणजे प्रत्येक पानाच्या कडेला त्याचा एक तुकडा येतो आणि मधले पान बदलता येत नाही. हे करून मागा. संयुक्त उपक्रम असेल तर शिक्के कोणाच्या ताब्यात राहतील आणि ते वापरल्याची नोंद कशी होईल, याचा नियम पहिल्याच दिवशी करा.

चौथी, नाव. चीनमध्ये ट्रेडमार्क साधारणपणे आधी अर्ज करणाऱ्याचा होतो. बोलणी सुरू होण्यापूर्वी रोमन आणि चिनी अशा दोन्ही लिपींत अर्ज करून टाका. फ्रेंच खाद्यपदार्थ कंपनी दानोन आणि चिनी पेय कंपनी वाहाहा यांचा संयुक्त उपक्रम १९९६ चा. फ्रेंच कंपनीकडे ५१ टक्के हिस्सा होता, पण वाहाहा हा ट्रेडमार्क उपक्रमाच्या नावावर नीट हस्तांतरित झाला नव्हता आणि त्याच नावाने उपक्रमाबाहेरच्या कंपन्या माल विकत होत्या. २००७ मध्ये भांडण चव्हाट्यावर आले आणि २००९ मध्ये दानोनने आपला हिस्सा विकून माघार घेतली. टक्केवारीचे बहुमत, रोजचा कारभार आणि नावाची मालकी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ग्राहकाला समजावताना मी याच प्रकरणाचा आधार घेते.

६. सांस्कृतिक देवाणघेवाण असेल, तर वाट वेगळी आहे

व्यापाराला लागणाऱ्या परवानग्या एका खात्याकडे आणि प्रदर्शन, नाट्यप्रयोग किंवा अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या खात्याकडे असतात. परदेशी ना-नफा संस्थेला १ जानेवारी २०१७ पासून लागू झालेल्या कायद्याखाली चीनमध्ये एकतर प्रतिनिधी कार्यालय नोंदवावे लागते, किंवा चिनी भागीदार संस्थेमार्फत तात्पुरत्या उपक्रमाची नोंद करावी लागते. त्या उपक्रमाची मुदत सहसा एक वर्षापर्यंत असते आणि देखरेख पोलीस खात्याकडे असते. ‘फक्त एक कार्यशाळा तर आहे’ असे म्हणून ही पायरी टाळणे, हा युरोपीय फाउंडेशनांचा नेहमीचा चुकीचा हिशेब आहे.

चीनमधील पुरातन वस्तू परदेशी प्रदर्शनात न्यायच्या असतील, तर राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा प्रशासनाची परवानगी लागते. मुदत एक वर्ष असते आणि फार तर आणखी एक वर्ष वाढते. प्रथम श्रेणीच्या वस्तू १२० पेक्षा जास्त किंवा एकूण वस्तूंच्या २० टक्क्यांहून अधिक असतील, तर प्रकरण थेट राज्य परिषदेकडे, म्हणजे चीनच्या केंद्रीय मंत्रिमंडळाकडे, जाते, आणि १९५ वस्तू अशा आहेत ज्यांना देशाबाहेर नेण्यास पूर्ण मनाई आहे. संग्रहालयाने यादी करण्याआधी हे आकडे त्यांच्या हाती द्या.

दीर्घकाळ टिकणारे सहकार्य कसे आखतात, हे पाहायचे असेल तर शांघायच्या वेस्ट बंड संग्रहालयाचे पॅरिसच्या पाँपिदू या कलाकेंद्राशी असलेले नाते अभ्यासावे. नोव्हेंबर २०१९ मध्ये ते पाच वर्षांच्या ठरावीक मुदतीने सुरू झाले आणि पुढे वाढवले गेले. शिक्षणात २००४ पासून निंगबो येथे चाललेले नॉटिंगहॅम विद्यापीठाचे संकुल असेच पाहण्यासारखे आहे. ठरावीक मुदत आणि मुदतीअंती आढावा, ही रचना मला बेमुदत मैत्रीच्या घोषणांपेक्षा कितीतरी विश्वासार्ह वाटते.

नकाशे, अर्जातील देशांच्या याद्या आणि जाहिराती चिनी वाचकाकडून तपासून घ्या. जानेवारी २०१८ मध्ये मॅरियट या हॉटेल कंपनीच्या प्रश्नावलीत तिबेट, हाँगकाँग, मकाऊ आणि तैवान स्वतंत्र देश म्हणून आल्यामुळे तिचे चिनी संकेतस्थळ आठवडाभर बंद ठेवावे लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चॉपस्टिक्सची थट्टा वाटणाऱ्या जाहिरातीमुळे डोल्चे अँड गबाना या इटालियन फॅशन कंपनीचा शांघायमधला कार्यक्रम रद्द झाला. तुमचे वैयक्तिक मत काहीही असो, परिणाम ग्राहकाला आधी सांगणे आणि निर्णय त्याच्यावर सोपवणे, हे तुमचे कर्तव्य आहे.

७. सोबत ठेवायचे कागद

नेमणूकपत्र आणि लाचविरोधी घोषणापत्र, चिनी कंपनीच्या परवान्याची प्रत आणि त्याच दिवशी काढलेली नोंदणीची माहिती, पाश्चात्त्य कंपनीचा नोंदणी उतारा आणि सहीच्या अधिकाराचा पुरावा, निर्णयाचा नकाशा, चिनी नावे मूळ लिपीत लिहिलेली दोन्ही शिष्टमंडळांची यादी, निमंत्रणपत्र, आद्याक्षऱ्या असलेली सर्व इतिवृत्ते, ट्रेडमार्क अर्जांच्या पावत्या, उपक्रम सांस्कृतिक असेल तर परवानगीचे पत्र.

८. तुमचे मानधन

चिनी ग्राहक परदेशी सल्लागाराला पैसे पाठवतो, तेव्हा एका वेळची रक्कम ५०,००० डॉलरपेक्षा अधिक असल्यास त्याला आधी कर कार्यालयात नोंद करावी लागते. ही नोंद करताना करार मागितला जातो, आणि बिलावरचे कामाचे वर्णन करारातल्या वर्णनाशी जुळले नाही, तर बँक पैसे अडवते. शिवाय काही कर तेथेच कापून घेतले जाऊ शकतात. म्हणून मानधनाची रक्कम कर कापण्यापूर्वीची की हाती पडणारी, हे नेमणूकपत्रातच लिहा, रक्कम टप्प्याटप्प्याने मागा, आणि पहिले बिल पाठवण्याआधी ग्राहकाच्या लेखा विभागाकडून बिलाचा नमुना मागवून त्यातील चिनी मजकूर कराराशी ओळ-ओळ जुळवून पाहा.